कुणाचा बदाम पुढे

माझ्या थोरल्या बहिणीची नोकरी मी एक बटण दाबून घालवली. खरं तर बटणं दोन होती. डाव्या हाताने एक धरून ठेवायचं आणि उजव्या हाताने दुसरं दाबायचं, तेव्हा कुठे ते काम व्हायचं. पण सांगताना मी एकच सांगतो, ऐकणाऱ्याला बरं वाटतं आणि मलाही. दोन हात लावून केलेली गोष्ट चुकून झाली असं म्हणायला जरा जड जातं.

आमचं घर नाशिकला, कॉलनीतलं, दोन खोल्यांचं. पुढची खोली बसायची, मागची स्वयंपाकाची, आणि पलीकडे मोरी. अण्णा, म्हणजे आमचे वडील, अंबडला एका कंपनीत फिटर होते. पहाटे कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न द्यायची आणि अख्ख्या गल्लीला जाग यायची, एक मी सोडून. अण्णा माणूस सरळ, पण दिवसभर मशीनच्या आवाजात राहून त्यांचं बोलणंच आटलं होतं. घरात काही ठरवायची वेळ आली की ते तांब्या उचलून पाणी प्यायचे. सावकाश, घोटाघोटाने, समोरचा विषय बदलेपर्यंत. आई त्याच्या उलट. ती चुलीपुढे बसून सगळ्या जगाचे निकाल लावायची, पण ते निकाल उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत कधी येत नसत. संध्याकाळी विहारातल्या वंदनेचा आवाज भोंग्यावरून यायचा, त्याच वेळी आईचा कुकर शिट्ट्या द्यायचा, आणि सुक्या बोंबलाच्या चटणीचा वास थेट रस्त्यापर्यंत जायचा. मला आजही कुठे कुकरची शिट्टी ऐकली की क्षणभर वंदना सुरू झाल्यासारखी वाटते.

मी तेव्हा गंगापूर रोडवर लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात कामाला होतो. मालकाने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना मी घरी आणला. शोकेस हलवून त्या जागी त्याची प्रतिष्ठापना झाली. ताईने त्याच्यासाठी क्रोशाचं आच्छादन विणलं, आईने पहिल्या दिवशी त्याला फूल वाहिलं, आणि अण्णा रोज कामावरून आले की त्याच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसं बघायचे. सोबत एक यूपीएस होता. वीज गेली की तो टिटवीसारखा केकाटायचा, आणि तेव्हा वीज रोजच जायची. त्या कॉम्प्युटरवर मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रं आणि अक्षरं मांडायचो, त्याचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या धंद्यातल्या कुणीच ते विकत घेतलेलं नव्हतं. आता या वयात भानगड कशाला.

त्यातली एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. स्क्रीनवर तुम्ही गोल काढा, चौकोन काढा, अक्षर लिहा. प्रत्येक वस्तू सुटी राहते आणि दुरडीतल्या भाकरींसारखी एकीवर एक बसते. वरची भाकरी खालचीला झाकते. खालची कुठे जात नाही, असते तिथेच, पण दिसत नाही. मग दोन बटणं दाबली की हवी ती भाकरी तळातून निघून सगळ्यात वर येते. दुसरी दोन दाबली की सगळ्यात खाली जाते. बस, एवढंच. एवढ्या विद्येवर मी कॉलनीत कॉम्प्युटर इंजिनिअर म्हणून मिरवत होतो. लोक मला रेडिओ दुरुस्तीलाही बोलवायचे, आणि मी जायचो.

ताई, शैलाताई, एका प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवायची. तिच्या पर्समध्ये कंगव्याबरोबर कात्री असायची आणि पदराला कायम खळ लागलेली असायची. घरी आली की जमिनीवर घोटीव कागदाच्या रंगीत पट्ट्या पसरायची आणि दुसऱ्या दिवशीसाठी चटया विणून बघायची. एक पट्टी वरून, एक खालून, पुन्हा वरून. आई म्हणायची, "पोरांना शिकवतीस का स्वतः खेळतीस?" ताई म्हणायची, "दोन्ही." पगाराचं सोडा, ती शाळेत जाताना जी चालायची, तशी दुसरीकडे कुठेच चालायची नाही. हे मला तेव्हा दिसत होतं असं मी आता लिहितोय. तेव्हा मला फक्त स्क्रीन दिसत होता.

तिचं लग्न विंचूरच्या विलासशी ठरलं. विलास एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे काट्यावर होता. मुलगा शांत, हसरा, नाकीडोळी नीटस. वडील नव्हते, घरचे कर्ते म्हणजे त्याचे दगडूमामा. साखरपुडा झाला तेव्हा ताईच्या नोकरीचा विषय कुणी काढला नाही, आणि कुणी काढला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं आमच्या घराने धरून चाललं. ताईने मात्र मनाशी आखून ठेवलं होतं. विंचूरहून सकाळची बस आहे, शाळेच्या वेळेला पोचते, संध्याकाळी परत. तिने स्टँडवर जाऊन चौकशीसुद्धा केली होती. राहिलं होतं फक्त कुणीतरी मोठ्या माणसाने ते बैठकीत बोलायचं.

लग्नाची बैठक आमच्याकडे ठेवली होती. आईपुढे मोठा पेच पडला, की कांद्याच्या गावाहून येणाऱ्या पाहुण्यांना कांदेपोहे कसे द्यायचे. "त्यांना काय कौतुक कांद्याचं?" असं म्हणून तिने मटारच्या करंज्या केल्या, आणि पाहुणे, मामा आणि विलाससकट, आले ते एक अख्खं कांद्याचं पोतं घेऊन. ते पोतं ठेवायला जागा नव्हती, म्हणून कॉम्प्युटरच्या टेबलाखाली सारलं. पुढे महिनाभर मी कांद्यावर पाय ठेवून लग्नपत्रिका केल्या. पाहुणे यायच्या आधी ताई मला स्वयंपाकघरात म्हणाली होती, "मन्या, आज शाळेचं निघालं पाहिजे. अण्णा पाणी प्यायला लागतील." मी तोंडात करंजी कोंबून "हो हो" म्हणालो होतो. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. लग्नाच्या स्टेजमागच्या पडद्यावर लावायचं डिझाइन मी तयार केलं होतं, आणि ते पाहुण्यांना दाखवायला माझे हात शिवशिवत होते.

डिझाइन म्हणजे काय, तर दोन बदाम. तेव्हा बदामांशिवाय लग्न लागत नसे. पत्रिकेवर बदाम, गाडीच्या काचेवर बदाम, थर्माकोलचे बदाम स्टेजवर. एक बदाम लाल, त्यात ताईचं नाव. एक गुलाबी, त्यात विलासचं. एकमेकांवर थोडे चढलेले. ताईचा पुढे होता. त्यात काही क्रांती नव्हती. तिचा मी नंतर काढला, म्हणून तो आपोआप वर आला होता.

करंज्या संपल्या, चहा झाला, मंडपवाला ठरला, आणि बोलण्यात जरा खंड पडला. आत ताईने भांडं वाजवलं. आई दारातून अण्णांकडे बघत होती. अण्णांनी तांब्याकडे हात नेला. नेमका तेव्हा मी घसा साफ करून म्हणालो, "मामा, स्टेजचं डिझाइन बघता का?"

सगळे उठून टेबलाभोवती आले. मी आच्छादन असं काढलं, जसं पुढाऱ्याने पाटीवरचा पडदा ओढावा. दगडूमामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"बेस हाय की! आन् ह्यो पुढचा बदाम कुनाचा?"

"ताईचा."

"आन् नवरदेवाचा मागं?" मामा हसत हसत म्हणाले, पण मागे वळून आपल्या माणसांकडे बघितलं. "लोक काय म्हनतील, नवरदेव लपून बसला?"

लोक हसले. मी म्हणालो, "त्यात काय मामा, हे बघा," आणि दोन बटणं दाबली. गुलाबी बदाम टुणकन पुढे. ताईच्या नावातला 'ला' अर्धा झाकला गेला.

"आरं तिच्या! परत कर."

मी परत केलं. लाल पुढे, गुलाबी पुढे, लाल पुढे. मामांना लहान पोरासारखी गंमत वाटत होती. "पोरगं लय हुशार हाय बरं का," ते अण्णांना म्हणाले, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जो अभिमान मी त्या दिवशी पाहिला, तो त्याआधी कधी पाहिला नव्हता. नंतरही नाही. त्या अभिमानासाठी मी बदाम आणखी चार वेळा मागेपुढे केले असते.

तेवढ्यात ताई कप गोळा करायला बाहेर आली. ट्रे हातात धरून तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन्ही एकमेकांत अडकवता येतील ना रे? या बाजूला माझा वर, त्या बाजूला यांचा वर. पट्ट्या विणतो तसं."

नवरी बैठकीत बोलत नसते, आणि ही बोलली होती. ती बदामांबद्दल बोलत नव्हती हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, अगदी मामांनाही. कळलं नाही ते कॉम्प्युटर इंजिनिअरला. मी खुर्चीत मागे रेलून, दुकानाच्या मालकाच्या आवाजात म्हणालो, "छे ताई, असं होतच नाही. वस्तू एक तर पुढे असते, नाहीतर मागे. दोन्ही कसं असेल? कॉम्प्युटरचा नियमच आहे तो."

"बघा!" मामांनी मांडीवर थाप मारली. "मशीनला बी कळतंय. संसारात बी एकानं पुढं व्हायचं, एकानं मागं ऱ्हायचं. मंग ते शाळेचं काय आसंल ते, तेवढं आता मागं सारा, म्हंजी झालं. रोजची बसची दगदग लेकीबाळीला कशापायी?"

आई दारात होती. अण्णा पाणी पीत होते. विलास इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता, तो पुढे झाला आणि म्हणाला, "मामा, शाळेचं मी काय म्हणतो..."

आणि वीज गेली.

पंखा थांबला, यूपीएस केकाटायला लागला, आणि मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "थांबा, थांबा! कुणी काही बोलू नका! सेव्ह करू दे!"

कुणी काही बोललं नाही. आमच्या घराच्या इतिहासात माझं एवढं कुणी कधी ऐकलं नसेल. एवढी माणसं श्वास रोखून माझ्या पाठीमागे उभी राहिली, जसा काही मी बाँब निकामी करत होतो. मी फाइल सेव्ह केली, मशीन बंद केलं, कपाळावरचा घाम पुसला आणि विजयी मुद्रेने वळलो. तोवर मामा चपला शोधत होते. "चला, दिवस मावळायच्या आत घर गाठायचं." विलासने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. ताई तिथे नव्हती. ती ट्रे घेऊन आत गेली होती, आणि आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता, रोजच्यापेक्षा जरा जास्त.

काही दिवसांनी ताईने शाळेची कात्री, उरलेले घोटीव कागद आणि मुलांच्या चटया एका पिशवीत भरून शाळेत नेऊन दिल्या. रिकाम्या हाताने परत आली. घरात कुणी विषय काढला नाही. आईने त्या दिवशी तिच्या आवडीचं भरीत केलं आणि बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. ताईने तो माझ्या ताटात टाकला. मी खाल्ला.

लग्नात आणखी एक प्रताप केला. बदाम थर्माकोलचे कापायचे होते. मागच्या, म्हणजे आता ताईच्या, बदामाचा झाकला जाणारा भाग कापण्यात थर्माकोल कशाला घालवा, म्हणून मी शहाणपणाने तेवढा भाग काढूनच टाकला. स्क्रीनवर झाकलेली वस्तू निदान शाबूत असते. मी ती शाबूतही ठेवली नाही. विहारात लग्न लागलं, शेजारच्या पटांगणात जेवणं सुरू झाली, आणि उन्हाने डिंक सुटून विलासचा बदाम खाली पडला. पडद्यावर राहिला ताईचा बदाम, एका बाजूने कुणीतरी मोठा घास घेतल्यासारखा, आणि नावातला 'ला' अर्धा. पंगतीतली पोरं हसली. ताईने वर पाहिलं आणि तीही हसली. पांढऱ्या साडीत, हातात हार धरून ती अशी हसली, की मी फोटोवाल्याला सांगितलं, हा फोटो काढू नको. त्याने काढलाच.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ताई विंचूरला खळ्यात बसून कांदे निवडत होती. मी तिला भेटायला गेलो, तर तिने मला चहा दिला, कांदा साठवायची चाळ दाखवली, बारका चिंगळी कांदा कोणता आणि जुळा जोड कांदा कोणता ते समजावून सांगितलं, जसं पहिलीच्या पोराला सांगावं. पुढे गल्लीतली पोरं तिच्याकडे अभ्यासाला बसायची. पण पर्समध्ये कात्री घेऊन, पदराला खळ लावून, ती जी चालायची ते चालणं मात्र गेलं.

त्याच पावसाळ्यात दुकानात एका पतसंस्थेचं बोधचिन्ह करायचं काम आलं. दोन कड्या, एकमेकींत अडकवलेल्या. मी गिऱ्हाइकाला म्हणणारच होतो की असं होत नाही, पण मालक शेजारी उभा होता. म्हणून बसलो करायला. आणि काय सांगू, अगदी सोपं निघालं. दोन कड्या जिथे दोनदा एकमेकींना ओलांडतात, त्यातल्या एका ठिकाणी मागच्या कडीचा एवढासा तुकडा घ्यायचा, त्याची प्रत काढायची आणि ती सगळ्यात वर बरोबर बसवायची. झालं. या बाजूला ही वर, त्या बाजूला ती वर. समोरचा चहा निवला नव्हता. मालक म्हणाला, "छान झालंय, चेहरा का पाडलास?" मी म्हणालो, डोळे दुखतायत.

नियम कॉम्प्युटरचा नव्हताच. मला येत नव्हतं, आणि येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मी नियम सांगितला. आता माझं स्वतःचं दुकान आहे, केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला. आणि अजूनही गिऱ्हाइकाला "असं होत नाही" म्हणताना माझी जीभ अडखळते. त्यामुळे गिऱ्हाइकं खूश असतात. त्यांना वाटतं, माणूस नम्र आहे.

विलासला, म्हणजे आमच्या दाजींना, मी एकदा विचारलं. चाळीत कांदा भरून झाला होता, आम्ही दोघं बाजेवर बसलो होतो. म्हटलं, "दाजी, त्या बैठकीत वीज गेली तेव्हा तुम्ही काय म्हणणार होता?"

त्यांना लगेच आठवलं, याचंच मला जास्त लागलं. "मी म्हणणार होतो, शाळा राहू द्या. बस हाय की सकाळची. पण तू म्हणाला, कुणी बोलू नका." त्यांनी पायाला चिकटलेली कांद्याची साल काढून टाकली. "नंतर बोलायचं धाडस नाय झालं. एकदाच जमलं होतं तोंड उघडायला."

हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा ताई नाशिकला आली होती, डोळे तपासायला. आमच्याकडेच उतरली. सोफ्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिच्या केसांत आता पांढराच जास्त. मी म्हटलं, ताई, तुझ्यावर एक प्रकरण लिहितोय, आणि तिला पहिलं वाक्य वाचून दाखवलं. थोडा आवाज कातर करूनच वाचलं. मला वाटलं होतं, ती डोळ्यांना पदर लावेल. निदान म्हणेल, जाऊ दे रे.

ताईने शेंग दाताने फोडली. "तू घालवलीस? माझी नोकरी?"

"मग काय. मीच नाही का तो..."

"लई मोठा झालास रे मन्या. तुझं ते मशीन नसतं तरी मामा तेच बोलले असते आणि अण्णा तेवढंच पाणी प्यायले असते. त्या घरात माझ्या नोकरीचा निकाल तुझ्या हातात कुणी दिला होता? तुला तर त्यांनी करंज्या वाढायला ठेवलं होतं." तिने दाणे वाटीत टाकले. "पश्चात्तापातसुद्धा ह्याला नवरदेव व्हायचंय."

मला हसू आलं, आणि हसता हसता बरंही वाटलं. इतक्या वर्षांचं ओझं कुणी खांद्यावरून उचलून घेतल्यासारखं. मी वही मिटली. म्हटलं, "म्हणजे माझं काही चुकलं नाही?"

ती शेंगांमधला किडका दाणा निवडत होती. तो बाजूला टाकून तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी घरात सगळ्यात जास्त तूच बोललास," ती म्हणाली. "त्यात माझ्यासाठी एक वाक्य नव्हतं."